पोराच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घ्यायची सवय कशी घालवावी?

उरलेला_स्क्रू

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मला वस्तू उघडायची खोड आहे. बंद पडलेलं काहीही दिसलं की हात शिवशिवतात. दुरुस्त होतंच असं नाही, निम्म्या वेळा होतच नाही, पण आत काय होतं ते कळतं आणि रात्री झोप बरी लागते. चिरंजीव साडेसहा वर्षांचे. आत्तापर्यंत ते माझ्या टेबलाभोवती घिरट्या घालायचे. आता त्यांना टेबलावर जागा हवी आहे.

गेल्या रविवारी दोघांनी मिळून पंखा करायचं ठरलं. मोडक्या खेळण्यातल्या गाडीची मोटर, दोन पेन्सिल सेल, प्लास्टिकच्या बाटलीतून कापलेलं पातं, एक स्विच. एकटा बसलो असतो तर वीस मिनिटांचं काम. दोघं बसलो तर गाडीचे चार स्क्रू काढतानाच पाऊण तास गेला. तिसऱ्या स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर दर वेळी निसटत होता, खाच झिजत होती, ते मला दिसत होतं आणि जीव खालीवर होत होता. शेवटी "दे इकडे, एक मिनिट" म्हणून मी तो त्याच्या हातातून घेतला. खरंच मिनिटभरासाठी घेतला होता. डोकं वर केलं तेव्हा पंखा फिरत होता आणि चिरंजीव दुसऱ्या खोलीत होते.

हाक मारली. आला, बघितलं आणि म्हणाला, "छान झालाय तुझा पंखा."

त्या 'तुझा'ने आठवडाभर डोकं खाल्लं आहे.

तर प्रश्न असा, की मुलांना घेऊन असली कामं करताना तुम्ही स्वतःचे हात कसे आवरता? की छंद आपला आपण मुलं झोपल्यावर करावा आणि मुलांबरोबर असताना फक्त मुलांचं बघावं? आणि कुठल्या वयात काय हातात द्यावं?

चकटफू

रुमाल टाकून ठेवतो. आमचे कन्यारत्न अजून सगळं तोंडात घालायच्या वयात आहे.

तिरपी_शिवण

'छान झालाय तुझा पंखा' वाचून पोटात कालवलं. माझ्याकडे हेच वाक्य शिवणयंत्रावर ऐकलंय. बाहुलीचा झगा होता. "आई, तुझा झगा छान झालाय, आता मी माझा करू?"

माझा उपाय: दोन डबे. एक माझा, एक तिचा. तिच्या डब्यात फक्त उघडायच्या वस्तू. त्या परत जोडायच्या नाहीत, चालू करायच्या नाहीत, शेवटी काही बनलं पाहिजे अशी अटही नाही. जुना माउस, कीबोर्ड, भिंतीवरचं घड्याळ, टॉर्च, कॅसेट प्लेअर. कॅसेट प्लेअर तर सोनं आहे. पट्टे, कप्प्या, गिअर, छोटी मोटर, सगळं डोळ्यांना दिसतं. हल्लीच्या वस्तू उघडल्या की आत एक हिरवी पाटी आणि त्यावर काळा ठिपका. मूल म्हणतं, "बस, एवढंच?"

तुमचा घोळ असा झाला, की तुमच्या डोक्यात पंखा होता आणि त्याच्या डोक्यात स्क्रू होते. त्याचं काम चालूच होतं, तुम्हालाच उशीर होत होता.

उरलेला_स्क्रू

@तिरपी_शिवण, शेवटचं वाक्य लागलं. पण बरोबर आहे.

गंजका_पाना

उघडायला द्या ठीक आहे, पण काय उघडायचं नाही ते आधी लिहा की ताई. नाहीतर कोणीतरी मायक्रोवेव्ह देऊन बसेल.

तिरपी_शिवण

बरोबर, राहिलंच. आमच्या घरची काळी यादी. मायक्रोवेव्ह अजिबात नाही. त्यातल्या कपॅसिटरवर (वीज साठवणारा भाग) दोन हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. जुना काचेच्या नळीचा टीव्ही नाही. फ्लॅशवाला जुना कॅमेरा दिसायला निरुपद्रवी, पण फ्लॅशचा कपॅसिटर साधारण ३०० व्होल्टपर्यंत भरतो. सेल काढून टाकले तरी. हा झटका मी स्वतः खाल्ला आहे, दोन दिवस बोट बधिर होतं. चार्जर आणि कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय नाही, कारण २३० व्होल्ट आत गेले की त्याचे सव्वातीनशे व्होल्ट डीसी होऊन बसतात. आणि मोबाइल नाही. त्यातली लिथियम बॅटरी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने भोसकली गेली तर तिथल्या तिथे पेट घेऊ शकते. फुगलेली असेल तर हातही लावायचा नाही.

जे आयुष्यभर फक्त सेलवर चाललं ते साधारण ठीक. जे भिंतीला जोडलेलं होतं ते आधी मी उघडणार, बघणार, वायर मुळापासून कापणार आणि मगच डब्यात.

खुंटीवरचा_सदरा

वायर कापणे हा फार महत्त्वाचा मुद्दा. नुसतं "प्लगला लावायचं नाही हं" असं सांगितलं तर ते आमंत्रण होतं.

जुने_मिस्त्री

चाळीस वर्षं वायंडिंग आणि दुरुस्तीचं काम केलं. आता नातवंडं आहेत. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मूळ प्रश्नात एक गोष्ट कोणी धरली नाही म्हणून लिहितो.

स्क्रूड्रायव्हर का निसटत होता? पोराचा हात लहान म्हणून नव्हे. माझी पैज आहे, टोक चुकीचं होतं. अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू सगळे सारखे दिसतात, पण त्यात मापं आहेत. पीएच (फिलिप्स) शून्य, एक, दोन. खेळण्यांत बहुतेक शून्य किंवा एक. घरात हाताशी असतो तो दोन नंबर. मोठं टोक खाचेत पूर्ण उतरत नाही, वरवर बसतं, आणि पीळ दिला की बाहेर येतं. शिवाय बऱ्याच जपानी वस्तूंत जेआयएस, म्हणजे जपानी मानकाची खाच असते. ती दिसते फिलिप्ससारखी, पण फिलिप्सचं टोक लावलं की खाच खराब होते.

दुसरं. आपण मुलाला सांगतो, "फिरव". सांगायचं असतं, "दाब". आधी दाब, मग पीळ. दाब जास्त, पीळ कमी. लहान मुलाच्या मनगटात जोर नसतो पण अंगाचं वजन असतं. म्हणून त्याला टेबलावर बसवू नका. स्टुलावर उभं करा किंवा वस्तू जमिनीवर ठेवा, म्हणजे तो वरून वाकेल आणि वजन सरळ खाली येईल. मूठ जाड हवी. बारीक मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला जुनी सायकल ट्यूब गुंडाळा.

आणि कृपा करून खेळण्यातली हत्यारं देऊ नका. लहान हत्यार द्या, पण खरं द्या. खोट्या पक्कडीने काहीच धरलं जात नाही आणि पोराला वाटतं आपल्यालाच येत नाही.

उरलेला_स्क्रू

काका, दंडवत. आत्ता जाऊन बघितलं. दोन नंबरच होता.

म्हणजे आठवडाभर मी 'माझ्यातला अधीर बाप' वगैरे चिंतन करत होतो, आणि अर्धा दोष टोकाचा निघाला.

गंजका_पाना

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आत्मपरीक्षणाआधी पीएच तपासावा.

चकटफू

याचा फलक करून टेबलावर लावा.

कोरडी_विहीर

थोडा वेगळा सूर लावतो, रागावू नका.

मुलांना आपल्या छंदात ओढायचंच कशाला? मी रेडिओ आणि जुने अँप्लिफायर यांत बुडालेला माणूस. मुलगी चार वर्षांची झाल्यापासून तिला शेजारी बसवत होतो. रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा छोटा भाग, त्याच्यावरच्या रंगीत पट्ट्या आकडे सांगतात. रंगांची नावं तिला त्या पट्ट्यांवरून शिकवली. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन. शाळेत बाईंनी पिवळा रंग दाखवून विचारलं, "हा कोणता?" कन्या म्हणाली, "चार." मी महिनाभर हे सगळ्यांना सांगत फिरलो.

नऊ वर्षांची झाल्यावर एक दिवस ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मला हे आवडत नाही. मला तू आवडतोस म्हणून मी बसते."

त्यानंतर मी ओढणं बंद केलं. आता ती नाचते. मी तिच्या कार्यक्रमांच्या मागे वायरी सोडवत असतो. मजेत आहोत. म्हणून म्हणतो, छंद आपला आपण करावा, आणि पोरांना त्यांच्या वाटेने जाऊ द्यावं.

तिरपी_शिवण

@कोरडी_विहीर, "मला तू आवडतोस म्हणून मी बसते" हे तुम्हाला नापास झाल्यासारखं वाटलं? मला उलट वाटलं. पाच वर्षं ती बसली ना शेजारी.

कोरडी_विहीर

तसं बघितलं नव्हतं. असेल. तरी ओढू नका या मतावर मी ठाम आहे.

सोल्डरचा_थेंब

वयाचा प्रश्न राहून जातोय म्हणून. माझ्या मुलाने सोल्डरिंग, म्हणजे धातू वितळवून वायरी जोडणं, आठव्या वर्षी केलं. मी पूर्ण वेळ शेजारी होतो, त्याच्या डोळ्यांवर चष्मा होता, आयर्न (त्यासाठीचं तापणारं हत्यार) स्टँडमध्ये, आणि नियम एकच: खाली पडलं तर झेलायचं नाही, मागे सरकायचं. हा नियम मोठ्यांनाही लागू. पडणारी वस्तू झेलायला हात आपोआप जातो आणि टोक साडेतीनशे अंशांवर असतं.

खुंटीवरचा_सदरा

आठव्या वर्षी? शिसं हाताळायला? माफ करा, पण बारा वर्षांच्या आत नाही म्हणजे नाही. तो धूर नाकात जातो त्याचं काय?

सोल्डरचा_थेंब

धूर शिशाचा नसतो हो. नेहमीचं सोल्डर म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं, ते १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. आयर्नच्या तापमानाला शिशाची वाफ म्हणावी अशी होतच नाही. जो धूर दिसतो तो आतल्या फ्लक्सचा, म्हणजे राळेचा. तो मात्र खरंच वाईट. छातीला त्रास होतो, दमा असलेल्याने दूरच राहावं. छोटा पंखा लावून धूर तोंडापासून बाजूला ओढायचा.

शिसं पोटात जातं ते हातावाटे. सोल्डर धरलं, तीच बोटं तोंडात. म्हणून काम झालं की साबणाने हात धुवायचे, आणि टेबलावर खाणं बंद. मुलासाठी मी बिनशिशाचंच वापरतो. ते २१७ ते २२० अंशांच्या आसपास वितळतं, जरा हट्टी असतं, सांधा चकचकीत न दिसता मळकट दिसतो, पण मन शांत राहतं.

खुंटीवरचा_सदरा

बरं. फ्लक्सचं माहीत नव्हतं. तरी माझा बाराचा आकडा मी सोडत नाही, कारण माझं पात्र मी ओळखतो. त्याला "मागे सरक" म्हटलं की तो पुढे येतो.

जुने_मिस्त्री

हे मात्र खरं बोललात. वय पोराचं बघायचं नसतं, सांगितलेलं ऐकतो का ते बघायचं. मी पन्नाशीची माणसं बघितली आहेत ज्यांच्या हातात आयर्न देऊ नये.

निळी_छत्री

मी लहान मुलांच्या आजारांशी संबंधित काम करते. या धाग्यावर सगळे हुशार आहेत, पण अजून कोणी बटण सेलबद्दल लिहिलं नाही, म्हणून लिहिते. जरा रसभंग होईल.

तुमच्या टेबलावर सगळ्यात धोकादायक वस्तू आयर्न नाही. ती २० मिलिमीटरची चपटी लिथियम बटण बॅटरी आहे, सीआर२०३२ किंवा तिची भावंडं. ती लहान मुलाच्या अन्ननलिकेत अगदी बरोबर अडकते. लोकांना वाटतं की ती फुटून आतलं रसायन बाहेर आलं तर धोका. तसं नाही. ओल्या अस्तराला टेकल्या टेकल्या तिच्यातून विद्युतप्रवाह वाहू लागतो, ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होते आणि अन्ननलिका आतून भाजत जाते. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. खेळणं चालवायला 'संपलेल्या' बॅटरीतही यासाठी पुरेसा जीव असतो. म्हणजे तुम्ही ज्या वाटीत जुने सेल साठवता, ती वाटी सगळ्यात वाईट.

गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय. बाहेर पडेल म्हणून वाट बघायची नाही, उलटी करवायची नाही. सुरुवातीला मूल फक्त लाळ गाळतं किंवा खात नाही, त्यामुळे साधं दुखणं वाटतं.

दुसरी वस्तू, छोटी ताकदवान निओडिमियम चुंबकं. एक गिळलं तर एक वेळ ठीक, दोन गिळली तर ती आतड्याच्या दोन वेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत चिमटून भोक पाडतात. जुन्या हार्डडिस्कमधली मोठी असतात, ती गिळली जात नाहीत, पण बोटं चेचतात.

मोठ्या मुलाबरोबर खटपट करताना घरात रांगणारं दुसरं कोणी असेल तर आधी जमीन झाडा, मग दिवा विझवा.

चकटफू

उठून टेबलाचा खण बघून आलो. पाच सापडल्या. त्यातल्या दोन खाली, तिच्या उंचीवर. आता सगळ्या चिकटपट्टीत गुंडाळून वरच्या फळीवर, टाकायला वेगळ्या. रुमाल टाकायला आलो होतो, पण हे वाचलं ते बरं झालं. आभार.

निळी_छत्री

पट्टी दोन्ही बाजूंनी गुंडाळलीत ना? बरोबर केलंत. सुट्या एकमेकींवर पडल्या तर त्याही तापतात.

गंजका_पाना

अवांतर: हॉट ग्लू गनबद्दल एक शब्द नाही? ज्या घरात पोरं आहेत तिथे निम्मं जग ग्लूवर उभं असतं. आमच्याकडे पुठ्ठ्याचा किल्ला, पुठ्ठ्याचं रॉकेट, पुठ्ठ्याचा कुत्रा, सगळं ग्लूच्या कृपेने. कमी तापमानाची गन घ्या, ती साधारण १२० अंशांच्या आसपास चालते. मोठी १९० पर्यंत जाते, आणि तो ग्लू कातडीला चिकटून बसतो, झटकता येत नाही. बोटाजवळ थंड पाण्याचं भांडं. पुठ्ठा कापायला दातेरी प्लास्टिकची सुरी. कटर माझ्याकडे.

सोल्डरचा_थेंब

ग्लूला नावं ठेवत नाही, पण ग्लूने चिकटवलेलं परत उघडता येत नाही. स्क्रूचा मान वेगळा.

गंजका_पाना

झालं. आता स्क्रूवाले विरुद्ध ग्लूवाले.

मऊ_हातोडी

स्क्रू. (संपला वाद.)

पाचवा_गिअर

थ्रीडी प्रिंटरवाले कुठे आहेत? मी आहे. सगळ्यांना वाटतं प्रिंटर घेतला की मूल शोधक होईल. आमच्याकडे मूल ऑर्डर देणारं झालं. "बाबा, डायनोसॉर." चार तास प्रिंटर घरघरतो, मधेच पाया सुटतो, सकाळी बघावं तर प्लास्टिकची गुंतवळ. दुसऱ्यांनी काढलेली फाइल, यंत्राने केलेला डायनोसॉर, आणि बाप रात्रभर जागा. यात पोराचा हात कुठे लागला?

बदल कशाने झाला सांगतो. त्याच्या कपाटाच्या दाराची मूठ तुटली. मी पट्टी दिली आणि म्हटलं, माप तू घे. त्याने माप चुकवलं, मूठ तीन मिलिमीटर आखूड आली. मला दिसत होतं की चुकतंय. ओठ चावून गप्प बसलो. दुसरी मूठ बसली. डायनोसॉर कुठल्या कुठे गेले, ती मूठ अजून दारावर आहे आणि पाहुण्यांना दाखवली जाते.

उरलेला_स्क्रू

@पाचवा_गिअर, 'दिसत होतं की चुकतंय' तेव्हा नक्की काय केलंत? तेच तर मला जमत नाही.

पाचवा_गिअर

उठून पाणी प्यायला गेलो. खरंच. शेजारी बसून गप्प राहता येत नाही. खोलीबाहेर जाऊन गप्प राहता येतं.

मुक्काम_माळा

मी साधा नियम केलाय. महाग किंवा धोकादायक असेल तर आधी बोलायचं, बाकी सगळं फुटू द्यायचं.

उदाहरण. लेकीला एलईडी लावायचा होता, नऊ व्होल्टची बॅटरी. मी सांगितलं रेझिस्टर लागतो. ती म्हणाली कशाला, दोन पाय आहेत, दोन टोकं आहेत. मी म्हटलं लाव. 'टप्प' झालं, उजेड आला आणि गेला, वास सुटला. (दोघींनी चष्मा घातला होता. एलईडी कधी कधी फुटून उडतो.) मग तिने स्वतः विचारलं, "का मेला?" तेव्हा बसून हिशोब केला. बॅटरी ९ व्होल्ट, लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, उरले ७. ते कोणी तरी अडवले पाहिजेत. ४७० ओहमचा लावला तर ७ भागिले ४७०, म्हणजे १५ मिलिअँपिअरच्या जवळ. चालतं. पिवळा, जांभळा, तपकिरी. तो रेझिस्टर ती आता डोळे मिटून उचलते.

हाच हिशोब मी आधी सांगितला असता तर तिने जांभई दिली असती. एक मेलेला एलईडी पुरला. तो आम्ही चिकटवून ठेवलाय, खाली तिने नाव लिहिलंय 'हुतात्मा'.

कोरडी_विहीर

'हुतात्मा' भारी. मी हरलो, ओढत राहा तुम्ही सगळे.

खुंटीवरचा_सदरा

तयार किटबद्दल काय मत? मायक्रोबिट वगैरे, मुलांनी प्रोग्राम करायच्या छोट्या पाट्या?

मुक्काम_माळा

मायक्रोबिट मला आवडतं. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलांना साधारण दहा लाख वाटले गेले होते, म्हणजे मुलांच्या हातात पडून आपटणार हे धरूनच केलेलं आहे. पंचवीस दिवे, दोन बटणं, हलवलं की कळतं, मगरचिमटे लावायला मोठी भोकं. आर्डुइनो हेही तसलंच, २००५ चं, इटलीतल्या इव्रिआ गावच्या डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी निघालं. तेही छान, पण बारीक वायरी आणि टाइप करायचा कोड, त्याला जरा वय लागतं.

मात्र साडेसहाला यातलं काही नको. मोटर, सेल, दिवा, स्विच. स्क्रीन आली की बोटं थांबतात.

जुने_मिस्त्री

शेवटच्या ओळीशी सहमत.

शिळा_रविवार

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. उशिरा लिहितोय, पण मूळ प्रश्न 'छंद मुलांबरोबर की मुलं झोपल्यावर' असा होता, त्यावर.

ती सात-आठ वर्षांची असताना माझी तक्रार हीच होती, की काहीच पुरं होत नाही. घड्याळ उघडून पडलेलं, रेडिओ उघडून पडलेला, आणि ही विचारतेय हे स्प्रिंग मी घेऊ का. मी तिला एक काम लावून दिलं, खणांना नावाच्या चिठ्ठ्या लावायचं. तिला कामाला लावलं आणि मला शांतता मिळाली, असा हिशोब. तिने छत्तीस खणांना चिठ्ठ्या लावल्या. 'रेझिष्टर', 'बारिक स्क्रु', 'मोठे स्क्रु', 'काय ते माहित नाही'. शेवटच्या नावाचे तीन खण होते.

आता ती टेबलापाशी येत नाही. भांडण नाही, तिचं तिचं चालू असतं. मला हवी तेवढी शांतता आहे. गेल्या वर्षी टेबल नवीन केलं, खण तेच ठेवले. 'काय ते माहित नाही' मध्ये काय आहे ते मला अजूनही माहीत नाही, पण कुठलीही वस्तू कुठे मिळाली नाही की ती तिथे असते.

परवा तिच्या सायकलचा दिवा लागेना. मला न विचारता खोलीत आली, मल्टिमीटर उचलला, आधी बॅटरी तपासली, मग वायर. तुटलेली जागा सापडली. मी वर्तमानपत्र वाचतोय असं दाखवत होतो. जाताना म्हणाली, "तुझ्या मीटरचा सेल संपत आलाय."

तिरपी_शिवण

हे वाचून मी गप्प.

चकटफू

वाचनखूण साठवली.

मऊ_हातोडी

धागाकर्ते कुठे गेले? दुसरा रविवार होऊन गेला. पंख्याचं काय झालं?

उरलेला_स्क्रू

आहे, आहे. लेखी हजेरी द्यायचीच होती.

शून्य नंबरचं टोक आणलं. चिरंजीवांना जमिनीवर बसवलं, गाडी दोन पायांत. "फिरव" ऐवजी "दाब" म्हटलं. पहिला स्क्रू पंधरा सेकंदांत निघाला. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आजवर मुद्दाम लपवून ठेवलं होतं. मिस्त्रीकाका, तुमचं बरोबर होतं.

मोटर बाहेर आली. वायरी त्यानेच जोडल्या. उलट्या जोडल्या हे मला दिसलं. पाणी प्यायला गेलो. (दुसऱ्या वेळी भूक नसताना डबे उघडून बघितले. तिसऱ्या वेळी बायकोने विचारलं, बरं नाही का.) परत आलो तर पंखा फिरत होता, पण वारा समोर न येता मागे जात होता. मला तोंडावर आलेलं वाक्य गिळायला फार कष्ट पडले. त्याने पंख्यापुढे हात धरला, मग मागे धरला, थोडा वेळ विचार केला आणि जाहीर केलं की हा पंखा वारा खातो.

मी विचारलं, खायला नको असेल तर? तो बराच वेळ बसला. पातं काढून उलटं लावलं. तरी वारा मागेच. इथे मीही गडबडलो, मला वाटत होतं पातं उलटं केलं की वारा उलटा होईल. होत नाही. पात्याचा पीळ उलटूनही तसाच राहतो. आम्ही दोघं जमिनीवर पालथे पडून ते पातं न्याहाळत होतो, आणि खरं सांगतो, त्या वेळी मला कसलीच घाई नव्हती. शेवटी त्याने सेलच उलटे घातले. मोटर उलटी फिरली आणि वारा तोंडावर आला.

मग त्याने विचारलं, "बाबा, तुझा कुठाय?"

म्हणजे तो मला त्याच्या पंख्याला हात लावू देणार नव्हता, पण मी रिकामा बसलेलाही त्याला चालत नव्हता. आता त्याच्या शेजारी माझं एक बंद पडलेलं घड्याळ उघडून ठेवलंय. तो त्याचं करतो, मी माझं करतो. बोलणं होतं ते "ती पक्कड दे" एवढंच.

कोरडी_विहीर

हे मी नऊ वर्षांपूर्वी वाचायला हवं होतं. "तुझा कुठाय" मस्त.

गंजका_पाना

सगळं ठीक, पण मुख्य प्रश्न राहिला. आयडीला जागून सांगा, स्क्रू किती उरले?

उरलेला_स्क्रू

त्याचा एकही नाही. माझे दोन.

आणि हे उत्तर एका हाताने टाइप करतोय, कारण दुसऱ्या हातातला स्क्रूड्रायव्हर आत्ताच काढून घेतला गेला. "दे इकडे, एक मिनिट," म्हणाला. मी नुसता पीळ देत होतो म्हणे, दाबत नव्हतो.

जुने_मिस्त्री

बरोबर आहे त्याचं.